गाडीची टाळू

गाडीच्या टपाला भोक पाडण्याआधी मेस्त्री त्यावर खोबरेल तेल लावत. शिडीवर चढून उजव्या तळहाताने टप थोपटत थोपटत मध्य शोधायचा, बाटलीतले चार थेंब तिथे सोडायचे, अंगठ्याने गोल गोल चोळायचे आणि गाडीला सांगायचं, "थोरा दुखंल. मंग आयकाया येल." त्यानंतर ड्रिल. हाताला उरलेलं तेल ते स्वतःच्या टकलावर पुसत.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं, तुमची आई आणि मी असे चौघे एकदम बोलत होतो आणि कुणाचंच कुणाला कळलं नाही. शेवटी तुम्ही हसून फोन ठेवलात. मला मेस्त्रींची आठवण झाली. ते असते तर म्हणाले असते, "बटन सोडा की कोनीतरी!" त्यांच्याविषयी तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

तेव्हा मी पालघरमध्ये एका लहानशा ट्रस्टच्या दवाखान्याचा कारभार पाहत होते. दवाखान्याच्या दोन रुग्णवाहिका होत्या. गाडी एक पालघर-बोईसर पट्ट्यात फिरायची आणि गाडी दोन मनोरच्या पलीकडच्या पाड्यांवर जायची. डोंगराआड गेलं की तिकडे मोबाइल मुका होतो. काही वळणांवर आजही होतो. म्हणून दोन्ही गाड्यांत आणि दवाखान्यात वायरलेस बसवायचं ठरलं. परवान्याची कागदपत्रं मी केली आणि सेट बसवायला बोईसरहून मेस्त्री आले.

त्यांचं घर केळव्याच्या बाजूच्या कोळीवाड्यात. तरुणपणी ते बोटीवर होते. बोटींवर वायरलेस आले तेव्हा त्यांनी जाळं सोडून ते काम शिकून घेतलं आणि मग तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत टँकर, बंब, क्रेन अशा गाड्यांना सेट बसवू लागले. खाकी हाफ शर्ट, खिशात टेस्टर, दुसऱ्या खिशात तेलाची छोटी बाटली. बोलणं कमी. बोलायचंच झालं तर समोरच्याचं पूर्ण होईपर्यंत थांबून, वर आणखी एक श्वास जाऊ देऊन मग बोलत. नवख्या माणसाला वाटे, यांना ऐकू येत नसावं.

आमची गाडी दोन नवी कोरी होती. झेंडूचे हार अजून बॉनेटवर होते. मेस्त्री ड्रिल घेऊन शिडी चढताना पाहून आमचे अध्यक्ष धावत बाहेर आले.

"अहो मेस्त्री, नव्या गाडीच्या टपाला भोक? लोहचुंबकावर बसणारं एरियल मिळतं म्हणे!"

"मिलते ना. मनोरच्या वर खड्ड्यात गाडी आपटली का चुंबक जाते एकीकडे नि गाडी जाते दुसरीकडे."

"पण पाणी गळेल!"

"गललं तर मना हाक मारा. मी खाली तोंड उघडून बसतो."

अध्यक्ष आत निघून गेले. मेस्त्रींनी तेल लावलं, भोक पाडलं, रबराची चकती बसवली आणि वर पुन्हा एक बोट तेल फिरवलं. ती गाडी आमच्याकडे असेपर्यंत टपातून पाण्याचा थेंब आला नाही.

हे तेल प्रकरण सगळ्यांच्याच थट्टेचा विषय होतं. एकदा त्यांच्या बोईसरच्या गाळ्यात मी कामासाठी गेले होते. तिथे एक उत्तर भारतीय टँकरवाला हात जोडून उभा होता. "चाचा, नई गाड़ी है, छेद मत मारो." मेस्त्री शिडीवरून म्हणाले, "छेद नहीं रे. कान निकालता है उसको. तेरे माफक बहरी रहेगी क्या?" मी तेलाचं कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं. एक तर ड्रिलचं पातं तापत नाही. "आनि दुसरा, नवी गाडी म्हंजे बाल. बालाची टालू भरल्याबिगर त्याला कोन हात लावते?"

टाळू भरणं म्हणजे काय, हे तुमच्या आईला विचारा. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मधोमध एक मऊ जागा असते, तिथे रोज तेल जिरवतात. तुमच्या आईची टाळू तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या आईने, भरली होती.

सेट बसल्यावर मी शिस्तीत एक नियमावली इंग्रजीत टाइप करून भिंतीवर लावली. आधी कुणाला बोलावता ते सांगा, मग आपण कोण ते सांगा, बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणा. माईकच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबून धरलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. दोघांनी एकाच वेळी दाबलं तर कुणालाच काही मिळत नाही, नुसती खरखर.

मेस्त्रींनी माझी नियमावली आदराने वाचली. मग ड्रायव्हरांना बाजूला घेऊन त्यांची स्वतःची शिकवली. "आदी आयक. चॅनल मोकला हाय का बग. बटन दाब. सास घे. मंग बोल. नि समोरचा बोलला का काय म्हनशील? 'आयकला.' दुसरा काय नाय. कबूल हाय का नाय, ती गोष्ट मागून. आदी आयकला म्हनायचा." त्यांच्या गावच्या बोटींची ती रीत होती. काही दिवसांत 'ओव्हर' गळून पडलं आणि आमच्या चॅनलवर सगळे 'आयकला' म्हणू लागले. कागद भिंतीवर राहिला. मीही काढला नाही.

बोटींची आणखी एक रीत त्यांनी आणली. दिवेलागणीला प्रत्येक गाडीने, सांगण्यासारखं काही असो वा नसो, दवाखान्याला एकदा हाक द्यायची. मेस्त्रींनी महिन्यातून एकदा येऊन सेट तपासावेत असं ठरलं होतं. काही काळाने ते रोज संध्याकाळी येऊ लागले आणि त्या हाकांना दवाखान्यातून स्वतः उत्तर देऊ लागले. त्यामागचं कारण सांगते.

गाडी दोनचा पहिला ड्रायव्हर सोडून गेला, तेव्हा त्या जागेसाठी एक तरुण मुलगी आली. केळव्याहून पालघरच्या बाजारात मासळीचा टेम्पो चालवायची. हात पक्का, डोकं थंड. मी तिला घेतलं. ती मेस्त्रींची मुलगी आहे हे मला नंतर कळलं, आणि तेही असं.

मेस्त्री सेट तपासायला आले होते. ती गाडी धुत होती. मेस्त्री तिच्यापासून चार हातांवर उभे राहिले आणि आमच्या कंपाउंडरला म्हणाले, "भाऊ, गाडी दोनच्या डायवरला सांगा, माईक वल्या कपड्यानं पुसू नये."

मुलगीही कंपाउंडरलाच म्हणाली, "भाऊ, मेस्त्रींना सांगा, कपडा कोरडा हाय."

आमचे कंपाउंडर उमरोळीचे, वयस्क आणि जिभेला धार असलेले. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "मी काय करू मग? कपडा हुंगून बघू?"

गोष्ट साधी होती. मेस्त्रींनी गावातल्या एका बोटवाल्याच्या मुलासाठी मुलीच्या वतीने शब्द दिला होता. सुपारी फोडायला माणसं जमली, पाट मांडले गेले, आणि मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. माणसं उठून गेली. त्या दिवसापासून बाप लेकीशी बोलत नव्हता. एका घरात राहत, एका पंक्तीला जेवत. मेस्त्री बायकोला म्हणत, "तिला सांग, मीठ दे." मीठ लेकीच्या हाताशीच असे. ती म्हणे, "आये, बाबांना सांग, घ्या." दोन सेट लांब असले तर एकाचा निरोप दुसऱ्याकडे पोचवायला मध्ये एक यंत्र ठेवतात, त्याला रिपीटर म्हणतात. कंपाउंडर म्हणायचे, "मेस्त्रींच्या घरातला रिपीटर मासळी विकून दमून येतो, आनि रातच्याला यांचं मीठ पोचवतो."

चॅनलवर मात्र दोघांना एकमेकांशी बोलणं भाग होतं. ते काम होतं. चॅनलवर दवाखान्याला 'बेस' म्हणत. रोज संध्याकाळी मी हिशेबाला बसलेली असे आणि शेजारी हे चाले.

"बेस, गाडी दोन बोलतेय."

"बोला, गाडी दोन. तुमी कुटं हायत?"

"मनोर सोडला. गाडी रिकामी. सिस्टर सोबत हाय."

"आयकला. रस्ता कसा हाय?"

"बरा हाय."

"आयकला. सावकाश या."

बाप लेकीला 'तुमी' म्हणत होता, आणि कंपाउंडर मान खाली घालून गोळ्या मोजत हसत होते. पण मी एक पाहत होते. 'सावकाश या' हे माझ्या नियमावलीत नव्हतं, आणि ते गाडी एकला कधी मिळत नव्हतं. गाडी आवारात शिरायच्या आधी मेस्त्री मागच्या दाराने निघून जात. दोघं समोरासमोर आले की पुन्हा मुके.

असं वर्षभर चाललं असेल. मग एका सकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, म्हैन्याच्या शेवटी मी सोडते. वसईला शालेच्या बसवर काम मिललाय. मावशीकडे रायन."

"पगार कमी पडतो का?"

"नाय. घरात कोन बोलत नाय त्या घरात किती दिवस रायाचा?"

"वडिलांना सांगितलंस?"

"कसं सांगू? आयेला सांगू, बाबांना सांग म्हनून?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "तुमी सांगू नका. गेल्यावर कलंल."

मी तिला शब्द दिला आणि तो पाळला. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत मध्यस्थी करण्याचा माझा स्वभाव नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी मेस्त्री आले, नेहमीसारखे 'सावकाश या' म्हणाले आणि मागच्या दाराने गेले. मी माझं काम करत राहिले. महिना संपत आला होता.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीची हाक होऊन गेली होती. गाडी दोनने मनोर सोडलं होतं. तिने बहुधा माईक हुकाला न अडकवता सीटवर टाकला आणि त्यावर सिस्टरची पिशवी कलंडली. बटण दाबलं गेलं ते तसंच राहिलं. अचानक आमच्या खोलीत गाडीचं इंजिन घुमू लागलं, हॉर्न, गिअर, आणि मग दोन बायकांचा आवाज.

कंपाउंडर उठले. "माईक दबला. सांगा तिला!"

"सांगून काय उपेग?" मेस्त्री म्हणाले. "बटन दाबलेल्याला आयकाया येत नाय."

सेट बंद करता आला असता. त्यांचा हात बटणाकडे गेलाही होता. तेवढ्यात सिस्टरचा आवाज आला, "म्हणजे खरंच जातेस वसईला?" तो हात तिथेच थांबला.

"जाते."

"आणि बाबा?"

"बाबा काय? त्यांना गाडी दोन पायजे. गाडीला इचारतात, रस्ता कसा हाय. घरी आली का मी भिंत." गाडी खड्ड्यात आदळली. "आये सांगते, ती पाटी घेऊन बाजारात जायाची तवा माजी टालू बाबाच भरायचे. मांडीवर घेऊन. आता कोनाच्या पन गाडीची टालू भरतात. टँकरची भरतात! मी काय केला, सिस्टर? लगीन नाय बोलली. येवडाच ना?"

मग नुसतं इंजिन चालू होतं. खोलीत आम्ही तिघे होतो. गाडी एकचा ड्रायव्हर त्या वेळी बोईसरच्या रस्त्याला होता. त्याने गाडी बाजूला घेऊन सगळं ऐकलं, हे त्याने नंतर स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

मेस्त्री खुर्चीच्या टोकावर बसले होते. दवाखान्याचा माईक त्यांच्या हातात होता, पण अंगठा बटणावर नव्हता. चेहरा एखादा दूरचा सेट ऐकत असल्यासारखा.

आणखी एक खड्डा आला, पिशवी हलली असावी, आणि एकदम शांतता झाली. चॅनल मोकळा झाला.

मेस्त्रींनी बटण दाबलं. श्वास घेतला.

"गाडी दोन. माईक हुकला अडकवा."

ती काय समजली असेल, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. त्यांनी पुन्हा दाबलं.

"आयकला, पोरी."

त्या संध्याकाळी मेस्त्री मागच्या दाराने गेले नाहीत. आवारात जाऊन उभे राहिले. गाडी आली, ती उतरली, सिस्टर घाईने आत पळाली. मी खिडकीतून पाहत होते. मला वाटलं, आता बोलतील. बोलले नाहीत. मेस्त्री तिच्या बाजूने वळसा घालून केबिनमध्ये चढले, हुक वाकवून पाहिला आणि दार ओढून घेतलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत आमच्या खोलीत आली. तेवढ्यात सेट बोलला.

"बेस, गाडी दोनमधून बोलतोय. टेस्टिंग. बेसला कोन हाय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. या चॅनलवर खासगी बोलायचं नाही, ही परवान्यातली अट होती, आणि परवाना माझ्या सहीचा होता. मी माझी खुर्ची उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. कंपाउंडर गोळ्यांची बरणी घेऊन माझ्यामागून आले. दार मी लावलं नाही.

तिने माईक उचलला. "बेसला मी हाय."

"वसईला जायाचा हाय?"

"जायाचा हाय."

"आयकला."

खरखर. मग पुन्हा त्यांचा आवाज. "माजा शब्द पडला गावात. मानसा आजून हसतात."

ती एकदम बोलू लागली. आवारातल्या गाडीतही त्याच वेळी बटण दाबलं गेलं असावं, कारण खोलीत आवाज उमटला नाही आणि तिने बोट काढताच त्यांच्या वाक्याचं शेपूट तेवढं ऐकू आलं. दोघंही थांबली. मेस्त्री म्हणाले, "तू बोल. मी बटन सोडलाय."

"तुमचा शब्द तुमी मला न इचारता दिला, बाबा. इचारला असता तर मी तवाच नाय बोलली असती. घरात. मानसासमोर नाय."

व्हरांड्यातून मला गाडीची काच दिसत होती, आणि काचेआडचं त्यांचं टक्कल. खाली झुकलेलं.

"आयकला," ते म्हणाले.

"मानसासमोर बोलली, ती माजी चूक."

"आयकला."

घरात या दोघांनी हा विषय काढला असता तर पहिल्या वाक्यालाच दोघं एकदम ओरडली असती, आणि आईने मध्ये पडून ताट वाढलं असतं. इथे एकाने बोट काढल्याशिवाय दुसऱ्याचा आवाजच येत नव्हता.

शेवटी मेस्त्री म्हणाले, "जायाचा तर जा. पन सांगून जा. नि आयेला फोन करून सांग, आज मीठ मी सोता मागीन."

कंपाउंडर माझ्या कानाशी पुटपुटले, "रिपीटर सुटला बिचारा."

ती वसईला गेली नाही. का, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी दोनला पितळेचा नवा हुक होता, इतका घट्ट की माईक ओढून काढावा लागे. चॅनलवर मेस्त्री तिला 'तुमी'च म्हणत राहिले. काम ते काम. पण गाडी आल्यावर ते आवारात थांबत, आणि दोघं तिच्या स्कूटरवरून घरी जात. मागे बसलेले मेस्त्री तिला पूर्ण रस्ता गाडी कशी चालवावी ते सांगत, असं ती तक्रारीने म्हणायची. हेल्मेटमुळे तिला ऐकू येत नसे.

गेल्या वर्षी एका दुपारी मेस्त्री जेवून पडले ते उठले नाहीत. मी केळव्याला गेले होते. घराबाहेर कारखान्यांचे टँकर ओळीने उभे होते, एकेकाच्या टपावर मधोमध एरियल. तो उत्तर भारतीय टँकरवालाही होता.

मी आता दवाखान्यात रोज जात नाही. पण या डिसेंबरात जुनी गाडी दोन काढून नवी घेतली, तेव्हा बोलावलं म्हणून गेले. बोईसरहून एक नवा फिटर आला होता. हुशार, नीटनेटका. त्याने लोहचुंबकाचं एरियल काढलं. "आता भोक पाडत नाहीत, ताई. कंपनीची वॉरंटी जाते."

"मनोरच्या वर चुंबक टिकत नाय," मेस्त्रींची मुलगी म्हणाली. "भोक पाड. पन थोरा थांब."

ती आत गेली आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. शिडीवर चढली. तळहाताने टप थोपटत मध्य शोधला, चार थेंब सोडले आणि अंगठ्याने चोळत राहिली. फिटर ड्रिल हातात धरून खाली उभा होता. गाडीला ती काही म्हणाली की नाही, मला खालून ऐकू आलं नाही.

मग ती उतरली. हाताला तेल उरलं होतं. पुसायला तिने इकडेतिकडे कपडा पाहिला, आणि मग तो तळहात स्वतःच्या डोक्यावर, मधोमध, हळूच दाबून धरला.